सही केलेल्या प्रती

पुण्याच्या प्रकाशकाचे पत्र आले, त्या दिवशी वडिलांनी लिहिणे थांबवले.

वडील सांगलीत ओव्हरसिअरच्या वर्गाला जमीनमोजणी शिकवत. त्या विषयावरचे त्यांचे पुस्तक मराठीत होते, पण प्रकाशकाने किंमत अशी ठेवली की तेवढ्या पैशांत वसतिगृहातल्या मुलाचे पंधरा दिवसांचे जेवण होई. मग विटा, कोरेगावकडच्या मुलांनी वर्गणी काढून सगळे पुस्तक स्टेन्सिलवर टाइप करून घेतले आणि सायक्लोस्टाइल प्रती वाटल्या. टाइप करताना एका कोष्टकातल्या दोन ओळी गळल्या. अर्ध्या वर्गाची गणिते सारखीच चुकली, तेव्हा वडिलांना हे कळले.

त्यांचा राग त्या कोष्टकावरच निघाला. त्यांनी सगळ्या प्रती घरी मागवल्या आणि गळलेल्या ओळी प्रत्येकीत स्वतः लिहिल्या.

"आवं सर, चोरीचा माल दुरुस्त करून देताय, तर सही बी करा की," एक मुलगा हसत म्हणाला. "किंमत तुमी ठरवली न्हाई, ते ठावं हाय आमाला."

"गप रं," म्हणत वडिलांनी सह्या केल्या.

त्यातली एक प्रत प्रकाशकाच्या हाती लागली. सही पाहून, लेखकच या प्रती विकतो असे त्याने धरले आणि पुस्तकाचा दुसरा भाग काढायला नकार दिला. वडिलांनी त्या पत्राला उत्तर दिले नाही. तीन वर्षांनी साताऱ्यात, काकांच्या घरी, ते वारले.

दुसऱ्या भागाची सात प्रकरणे माझ्याकडे आहेत. ती छापली गेलेली नाहीत.