इझाबोच्या नावाचे पान

पहाटे तीनला इझाबो फोल्शेचा दिवस सुरू होई. रेशमाच्या कारखान्यातली तिची कढई चारच्या आत तापलेली लागे. कढत पाण्यात कोष सोडायचे, चिमटीत तंतूचे टोक पकडायचे, चार-पाच कोषांचे तंतू एकत्र करून रहाटावर चढवायचे. तंतू तुटला की मुकादम मजुरी कापी. इझाबोचा क्वचितच तुटे. बोटांची कातडी मात्र उन्हाळाभर सोललेली असे.

त्या मजुरीतून ती खोपीच्या छपरासाठी पैसे बाजूला टाकत होती. खोपी म्हणजे गिरणीच्या वरच्या अंगाला असलेली, चेस्टनट वाळवायची दगडी खोली. खाली विस्तव धुमसत ठेवायचा, वर माळ्यावर फळे पसरायची. छप्पर गळायला लागले की फळांना बुरशी धरते आणि हिवाळ्यात खायचे काय, हा प्रश्न पडतो.

याच खोपीत तिने पाळक एलिझे रुव्हियेर यांना एक अख्खा हिवाळा लपवले होते. राजाने आमच्या पंथाची उपासना बंद केली होती. सापडलेल्या पाळकाला फाशी होती. आसरा देणारा पुरुष असला तर जहाजावर वल्ही मारायला, बाई असली तर समुद्राकाठच्या बुरुजात कैद, मरेपर्यंत. इझाबोने हे माहीत असून भिंतीपुढे दुसरी भिंत उभारली आणि मधल्या जागेत पाळकांना ठेवले.

त्यांचा तिला त्रास एकच होता. ते पत्रे लिहीत. सकाळी लिहीत, संध्याकाळी लिहीत, तिचे तेल जाळून लिहीत. ती पत्रे घागऱ्याच्या काठात शिवून, बर्फ तुडवत ती खिंडीपलीकडे पोचवी. टाका घालून झाला की पाळकांना आणखी दोन ओळी सुचत. ती पुन्हा उसवायची, पुन्हा शिवायची. वसंतात ते सरहद्द ओलांडून लोझानला गेले, तेव्हा गावाने अश्रू गाळले. इझाबो दिवसभर झोपली. पुढे त्याच भिंतीआड एक तरुण उपदेशक येऊन-जाऊन राहू लागला. तो लिहीत नसे, म्हणून तो तिला आवडे.

दोन वर्षांनी एका रविवारी दुपारी फेरीवाला इसाक तिच्याकडे आला. शेजारीण मार्त तिथेच विणत बसली होती. इसाकने पेटीतल्या सुया-फिती बाजूला केल्या, खालची फळी उचलली आणि सहा पुस्तके काढली. पाळकांची पत्रे लोझानला छापून आली होती. त्याने मुद्दाम खूण घातलेले पान उघडले आणि मोठ्याने वाचले.

“‘गिरणीच्या वरच्या खोपीत विधवा इझाबो फोल्शे हिने मला दुहेरी भिंतीआड हिवाळाभर जपले. धुराने माझे डोळे सुजत. तिच्या कालवणात मीठ नसे, पण श्रद्धा असे.’”

वाचून तो तिच्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट बघत थांबला.

आधी मार्तच बोलली. पाळकांनी तिच्या घरी कितीदा तरी अंडे खाल्ले होते, त्याबद्दल एक शब्द नाही, याचे तिला वाईट वाटले होते.

इझाबोने विचारले, “इसाक, शिपायांच्या कप्तानाला वाचता येतं ना रे?”

“येत असेल. पण बाई, हे आपल्या विश्वासू माणसांसाठी छापलंय.”

“गेल्या पावसाळ्यात पुलावर तुझी पेटी उपडी केली, ती काय विश्वासू माणसांनी?”

इसाक म्हणाला की पाळकांनी प्रेमाने लिहिले आहे. ती म्हणाली की मीठ महाग होते आणि ते त्यांना माहीत होते. मग तिने सरळ सांगितले, सहाही पुस्तकांतले ते पान मला दे. इसाक हे ऐकेना. फाटके पुस्तक कोण घेईल? जीव मुठीत धरून त्याने ती डोंगरावरून वाहून आणली होती. छापणाऱ्याचे पैसे त्याला चुकवायचे होते. खिंडीच्या अलीकडे दुसऱ्या प्रती नाहीत, एवढी शपथ मात्र त्याने घेतली.

“बरं. मग पाळकांना माझा निरोप दे,” इझाबो म्हणाली. “पुढच्या वेळी छापाल तेव्हा मला वगळा आणि मार्तला घाला. अंड्यासकट. घर कुठलं तेही नीट लिहा.”

मार्तची सुई थांबली. ती उठली आणि दाराला कडी लावून आली. मग परत बसली, पण विणकाम हातात घेतले नाही.

इझाबोने चुलीमागचा दगड सरकवला आणि छपराचे पैसे काढले. इसाकची नजर वर उठेना. तो कमी घेतो म्हणाला. तिने सहाही पुस्तकांची ठरलेली किंमत पूर्ण दिली, कारण ओझे त्याने खरोखरच वाहिले होते. मग तिने सहाही पाने शिलाईपासून नीट फाडली आणि चुलीत टाकली.

पानाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या पत्राची सुरुवात होती. आता ते पत्र अर्ध्या वाक्यापासून सुरू होई. मार्त हळूच म्हणाली, “हे कुणाला लिहिलंय तेच कळत नाही गं.”

“तेच बरं,” इझाबो म्हणाली.

एक पुस्तक तिने मार्तच्या मांडीवर ठेवले, तीन वरच्या वाड्यांसाठी बाजूला काढली, एक स्वतःला घेतले. उरलेल्याच्या पानांत काही नाणी सारून ते इसाकच्या पेटीत परत टाकले.

“हे बुरुजातल्या बायांना पोचव. पहारेकऱ्याला काय द्यायचं ते मी घातलंय यात. आणि थोडं मीठही ने.”