वन्संची नजर

आमच्या वन्संना, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीला, उद्या स्वर्गात जागा मिळाली तरी त्या दारातच थांबून आधी उजेड कुठून येतो ते बघतील आणि देवांना जरा सरकून बसायला सांगतील. त्या पावस गावी असतात. चित्रकलेच्या बाई म्हणून निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनच त्यांनी कॅलेंडर तिरकं असल्याचं खुणेने सांगितलं होतं. पुतण्याच्या मुंजीत भटजींना पाटासकट खिडकीकडे सरकवलं, आणि चीड आणणारी गोष्ट अशी की फोटो अप्रतिम आले.

मिरजोळ्यात माझी बालवाडी आहे. वर्गाच्या भिंती मी स्वतः रंगवल्या होत्या; जिराफ, ससे, डोळे मिचकावणारा हापूस. पालक दारातच थबकून कौतुक करायचे. दिवाळीच्या सुट्टीत वन्सं वर्ग बघायला आल्या आणि साडी सावरून सरळ फरशीवर उताण्या पडल्या. चक्कर आली असं वाटून मी पाणी आणायला निघाले, तर मलाच खाली बोलावलं. आडवी झाले. जिराफाचं तोंड कपाटाआड गेलं होतं. डोळ्यांसमोर होतं ते टेबलाचं पोट आणि त्याला चिकटलेलं गांधीलमाशीचं घर.

"तुझी चित्रं पालकांसाठी आहेत गो," त्या म्हणाल्या.

सुट्टी संपेतो जिराफ फिक्या रंगाखाली गेला. प्लास्टिकच्या माळा उतरल्या, कपाट खिडकीपुढून हललं, आरसा पार खाली आला आणि मुलांनी स्वतः काढलेल्या रेघोट्या त्यांच्याच उंचीवर लागल्या. रंग मीच कालवून देत होते आणि आतल्या आत धुमसत होते.

वर्गात एका खलाशाची लेक होती. रोज दारात रडायची, मग माझ्या मांडीवरून उतरायची नाही. माझ्यावाचून तिचं पान हलत नाही, असं मी गावभर सांगत असे. शाळा उघडली त्या दिवशी ती आली, आरशात स्वतःला बघून हसली, खिडकीखालच्या उन्हात जाऊन बसली आणि माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. पालक म्हणाले, तुमच्या वन्संच्या हातात जादू आहे. दुपारी जेवताना मी मुद्दाम वन्संच्या पानात सुरमईची शेपटी वाढली, सगळ्यात हलका तुकडा.

त्यांनी ती खाल्ली. मग म्हणाल्या, "मी वर्गात शिरले की मुलं सरळ बसतात गो. जन्मभर बसली. मांडीवर चढून माझ्या पदराला शेंबूड पुसायला मात्र कुणी आलं नाही."

कुठेही डाग दिसला की पुसायचा, ही त्यांची सवय. पण माझ्या पदरावर सकाळी कुणीतरी नाक पुसलं होतं, त्या डागाकडे त्या नुसत्या बघत राहिल्या. मी उठले आणि माझ्यासाठी ठेवलेली सुरमईची मधली, जाड तुकडी त्यांच्या पानात वाढली.