वावर मोकळं करायचा हुकूम

आमची फील्ड कंपनी सीमेवर पोहोचली तेव्हा तिथला गहू वीतभर वर आला होता. मी त्या वेळी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. शांततेत आम्ही पूल बांधायचो, रस्ते काढायचो. लढाईची वेळ आली की जमिनीत सुरुंग पेरायचो. ‘पेरायचो’ हा शब्द आमचाच. सगळी शेतकऱ्यांची पोरं, दुसरा शब्द कुणाला सुचला नाही.

हुकूम साधा होता. कालव्यापासून तारेच्या कुंपणापर्यंतची वावरं ताब्यात घ्या, माइनफील्ड तयार करा. आम्ही हिरव्या गव्हात सुरुंग लावले. मालक कालव्यावर उभे राहून बघत होते. त्यांतला एक म्हातारा सरदारजी पुढे रोज सकाळी सातला यायचा, आमच्या कुंपणाबाहेर अर्धा तास थांबायचा आणि परत जायचा. मला त्याचा राग यायचा, कारण त्याच्यासमोर माझी मान खाली जायची.

लढाई आज होईल, उद्या होईल म्हणत फौज जवळजवळ वर्षभर उभी राहिली. लढाई झाली नाही. का झाली नाही हे मला ठाऊक नाही. टीव्हीवर ज्यांना सगळं ठाऊक असतं त्यांना विचारावं.

रोजचा कार्यक्रम ठरलेला. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज राहणं, सव्वासहाला नाश्ता, सातला कुंपणाची पाहणी. कंपनीत गोंदिया जिल्ह्याचे आम्ही दोघंच. मी सौंदडकडचा. आमच्या जातीच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी तलाव बांधले. दुसरा बिरजू मडावी, सॅपर म्हणजे आमच्यातला साधा जवान, जंगलपट्ट्यातला गोंडाचा पोरगा. तेवीस वर्षांचा, बाप लहानपणीच गेलेला, घरी आई आणि धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी वावरं. कामावर तो मला ‘उस्ताद’ म्हणायचा, बाकी वेळी ‘दादा’. आमची थट्टा ठरलेली होती.

“दादा, तुमच्या आजानं तलाव बांधला म्हनून एवढा कायले फुगता? माती त आमच्याच लोकाइनं वाहिली असन.”

“अन् पानी कोन पेला?”

“तेबी आमीच पेलो.”

परमुलखात आपल्या बोलीत कुणी असं बोललं की पोट भरतं. एरवी दिवसभर हिंदी, आणि साहेब असले की इंग्रजी.

पावसाळा संपला तसे त्या वावरांच्या गावचे लोक तिथल्या सरकारी कचेरीसमोर खाटा टाकून बसले. म्हाताऱ्या बायाही होत्या. त्यांचं म्हणणं एकच होतं. लढाई करायची नसेल तर आमची वावरं मोकळी करा, गव्हाची पेरणी साधली पाहिजे. आम्ही हसलो. आमचा प्लाटून कमांडर तरुण लेफ्टनंट होता, तो म्हणाला, खाटांवर बसून कुठे फौजेचा हुकूम बदलतो का? मलाही तसंच वाटत होतं. सुरुंग काढायचे ते थंडी ओसरल्यावर, सावकाश, असं ठरलेलं होतं.

ते लोक एकोणीस दिवस बसले. विसाव्या दिवशी ओसींनी, म्हणजे कंपनीच्या मेजर साहेबांनी, सगळ्यांना बोलावलं.

“कालव्याजवळचा सेक्टर पेरणीच्या आधी खाली करायचा आहे. काम उद्या सकाळपासून.”

“सर, थंडीनंतरचा हुकूम होता,” आमचा लेफ्टनंट म्हणाला.

“बदलला.”

एवढंच. लोकांनी बसून हुकूम हलवलेला मी माझ्या नोकरीत एकदाच पाहिला, तो हा.

सुरुंग लावताना प्रत्येकाची जागा कागदावर लिहिलेली असते. काढताना पांढऱ्या टेपने अरुंद वाट आखतात, तिला लेन म्हणतात. लेनमध्ये पोटावर पडून बारीक सळईने माती तिरपी टोचत पुढे सरकायचं. टेपबाहेर पाय टाकायचा नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. पण वर्षभरात पाणी फिरलं होतं. कागदावर सुरुंग होता तिथे निघत नव्हता. पहिल्याच दिवशी सगळे अडले तेव्हा बिरजूने जमिनीला गाल लावून उतार पाहिला.

“दादा, पानी त्या कोपऱ्यातून आला. माती सरकली. उताराकडं दोन हात खाली पाहा.”

दोन हात खाली सुरुंग निघाला. मग ज्या लेनमध्ये कागद खोटा ठरे, तिथे बिरजूला बोलावत. धानाच्या बांध्यांत वाढलेल्याला पाण्याची चाल डोळ्यांना दिसते. लेफ्टनंट त्याला गमतीने ‘इरिगेशन साहब’ म्हणायचा.

बारावा दिवस. सकाळचे नऊ चाळीस. वरच्या अंगाचं वावर आम्ही आधीच मोकळं करून दिलं होतं, आणि मालकाने उतावीळपणे त्यात कालव्याचं पाणी सोडलं होतं. ते पाणी बांधाला तटून होतं. बांधाच्या खालच्या वावरात आमची तीन पोरं लेनमध्ये पोटावर पडलेली. मी लेनच्या तोंडाशी, बिरजू माझ्यापुढे दहा पावलांवर, बदलीसाठी उभा. मला बांधातून पाणी झिरपताना दिसलं. मग मातीचं ढेकूळ सुटलं आणि धार लागली.

माझ्या गळ्यात शिट्टी होती. तीन शिट्ट्या म्हणजे आहात तिथे थांबा, मग एकेक करून आलेल्या वाटेने मागे या. हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. मी शिट्टी वाजवली नाही. माझ्या तोंडून गावात निघतं तेच निघालं.

“बिरजू, बांध फुटून राहिला!”

तो गेला. टेप ओलांडून तीन ढांगांत बांधापाशी. दोन्ही हातांनी चिखल उचलून धारेवर थापला, वर ढेकूळ ठेवलं, टाचेने दाबलं. पाणी थांबलं. मग त्याने पुन्हा एकदा टाच दाबली, आपण सगळेच दाबतो तशी. पाण्याने वाहून आणलेला सुरुंग बांधाच्या पायथ्याशीच बसलेला होता.

मी वायरलेसवर कंपनीला कळवलं. “टायगर, टायगर फॉर टू. एक कॅज्युअल्टी. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर.”

“टायगर फॉर टू, दुश्मन का फायर है क्या? ओव्हर.”

“नहीं. अपना माइन. ओव्हर.”

सळईने वाट काढत त्याच्यापर्यंत पोहोचायला मला अकरा मिनिटं लागली. लेनमधली तिन्ही पोरं सुखरूप बाहेर आली. ॲम्ब्युलन्समध्ये त्याने माझा पट्टा धरून ठेवला होता. दहा पंचवीसला त्याची पकड सुटली.

चौकशी झाली. मी काय ओरडलो ते मी खरं सांगितलं. रेजिमेंटच्या सीओंनी ताकीद दिली आणि नोकरी चालू राहिली. पार्थिव घेऊन मीच त्याच्या गावी आलो. बिरजूच्या आईने, फुलाबाईने, एकच विचारलं.

“लढाईत गेला?”

समोर सारा गाव उभा होता. मी म्हणालो, “हो माय, लढाईत.”

मला वाटलं, मोठं मरण दिलं की दुःख थोडं हलकं होईल. शुद्ध गाढवपणा. पण बोललेला शब्द परत घ्यायला माणसाकडे हिंमत लागते. सुरुंग काढायची हिंमत माझ्यात होती, ही नव्हती. पुढे मी सुभेदार होऊन निवृत्त झालो, फुलचूरला घर बांधलं. दरवर्षी त्याच्या दिवशी फुलाबाईकडे जायचो. ती जेवू घालायची, धानाचं, पावसाचं विचारायची. बिरजूबद्दल कधीच काही विचारायची नाही. तिला सोसत नसेल, असं मी स्वतःला सांगायचो.

आता परवाची गोष्ट. सीमेवर पुन्हा तणाव वाढला. टीव्हीवर रोज संध्याकाळी लढाई होत होती. तालुक्याच्या ठिकाणी ‘आर-पार की लडाई’ म्हणत मोर्चा निघाला आणि वीरमाता म्हणून फुलाबाईला स्टेजवर नेलं. तिच्या हाती माइक दिला. ती म्हणाली, “माहा पोरगा लढाईनं खाल्ला. दुसऱ्या कोनाचा नोको.” आणि खाली उतरली. दुसऱ्या दिवसापासून ती तिथल्याच तहसील कचेरीच्या फाटकासमोर सतरंजी टाकून बसली. रोज नऊ ते पाच, एकटी. सत्तरीची बाई.

कचेरीतल्या एका साहेबांचा मला फोन आला. माणूस वाईट नव्हता. “सुभेदार साहब, माँजी की तबीयत का सवाल है. आपण त्यांना समजवा. तुमचं ऐकतील.” मी आमगावला गाडी बदलून साडेअकराला पोहोचलो. शेजारी एक बाई टोपली घेऊन शेंगा विकत होती. फुलाबाई तिच्याशी बोलत बसली होती.

“आला काय बाबू? तुले पाठवला त्याइनं?”

“हो माय.”

“उठवाले?”

“हो.”

“मंग उठव,” ती म्हणाली आणि हसली. मग ती हळू आवाजात म्हणाली, “एक सांग बाबू. तू फौजेत होता. असं बसल्यानं सरकार आयकते काय? लोक हासतेत माह्यावर. नसन आयकत त खरं सांग. घरी जाईन. धान कापाले आला आहे.”

मी ‘नाही’ म्हटलं असतं तर ती उठली असती. साहेब खूश झाले असते आणि दीडच्या गाडीने मी परतलो असतो. माझं जुनं खोटंही तसंच झाकलेलं राहिलं असतं. आणि ‘हो’ म्हणायचं तर, कधी ऐकलं हे सांगावं लागणार होतं. मी सतरंजीच्या कडेला उकिडवा बसलो.

“आयकते, माय. एकदा आयकलं. मी पाहिलं.”

मग मी सगळं सांगितलं. खाटांवर बसलेले लोक. बदललेला हुकूम. लढाई झालीच नव्हती हेही. बांध, शिट्टी, माझं ओरडणं. वेळ आणि अंतर सोडून बोलता येत नाही मला, म्हणून तेही. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. शेंगावालीने गिऱ्हाईक परत पाठवलं.

“एवढे साल काऊन नाही सांगतला?”

“भेव वाटला.”

“तूच बोंबलला?”

“हो माय. मीच.”

मला वाटलं, ती आता मला जा म्हणेल. मी तेवढी तयारी करून बसलो होतो.

“तू नसता बोंबलला तरी गेला असता,” ती म्हणाली. “सहा सालाचा होता. मी त्याले बांधीवर ध्यान ठेवाले सांगतला. तो खेळत बसला. बांध फुटला, लावलेला धानाचा रोवना वाहून गेला. मी त्याले काडीनं मारला. लय मारला. तवापासून फुटलेला बांध दिसला का तो धावे. आपला असो का दुसऱ्याचा. तू बोंबलला, पर धावाले मी शिकवला.”

मी रडलो. भर दुपारी, कचेरीसमोर, लोक येता-जाता बघत असताना. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. बरं वाटलं, आणि तिने ते करावं याची लाजही वाटली.

“त्या वावरात पेरनी झाली?” तिने विचारलं.

“झाली. आठ दिसानं. मी उभा होतो. रोज कुंपनापाशी येनाऱ्या म्हाताऱ्या सरदारजीनं बिरजूचं नाव विचारलं, दोनदा म्हनून पाहिलं, अन् पहिली मूठ त्या बांधापाशी टाकली.”

“म्हंजे सरकारनं आयकलं, अन् त्याइचं वावर त्याइले भेटलं.”

“वावराबद्दल आयकलं, माय. लढाईबद्दल आयकन का नाही, मले मालूम नाही.”

“नसन मालूम त नसो. मी बसनच.” तिने पाय मुडपून घेतले. “पर त्याइले सांगाले पायजे, घाई करू नोका. लढाई लावाचीबी घाई नाही, अन् काढाचीबी घाई नाही. घाईत पोरं मरतेत.”

इतकी वर्षं मी हुकूम पाळले आणि दिले. असा शहाणा हुकूम मी कुठल्या कागदावर वाचला नव्हता.

साडेचारला ते साहेब फाटकापाशी आले. “समजावलं का, सुभेदार साहेब?”

“सगळं सांगितलं.”

“मग उठतायत ना?”

“नाही. त्या बसणार आहेत. उद्यापासून मीही येणार आहे.”

ते वळून आत गेले. चपराशाला सांगून त्यांनी पाण्याची कॅन मात्र पाठवली.

पाच वाजायला आले होते. मी सतरंजी आवरायला उठलो, तर तिने माझी बाही धरली.

“बाबू, त्या दिशी सकारी तो काई खाऊन गेला होता काय?”

पार्थिव आणलं त्या दिवसानंतर, इतक्या वर्षांत, तिने आपणहून बिरजूबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ‘लढाईत गेला’ म्हटल्यावर आईने विचारायला काय उरतं? पुढचं सगळं मीच बंद करून टाकलं होतं.

“पुऱ्या अन् आलूची भाजी, माय. सव्वासहाला.”

“किती?”

“सात झाल्या. वाढनारा लंगरवाला बोलला, बस कर. त्यानं आठवी उचलली अन् चालता चालता खाल्ली.”

फुलाबाई शेंगावालीकडे वळली.

“आठ खाल्ल्या वं माह्या बिरजूनं,” ती तिला म्हणाली. “उपाशी नाही गेला.”