मुठीची परीक्षा

गल्लीत त्यांना सगळे गादीवालेकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी कापसाच्या गाद्या भरल्या. माल चोख की नाही हे ठरवायची त्यांची रीत एकच. मूठ दाबायची आणि काढायची. खड्डा लगेच भरून आला तर ठीक, नाही आला तर ती गादी बाद. फोमचं नाव काढलं की काका फणकारायचे, भांडी घासायच्या स्पंजावर काय झोपायचं म्हणून.

पण काकूंची पाठ धरली. सकाळी उठताना त्यांना भिंतीचा आधार लागू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, गादी बदला, मेमरी फोमची घ्या. हे काकांना असं काही झोंबलं की दोन दिवस घरात डॉक्टरांचं नाव काढायची सोय उरली नाही. शेवटी लेकीनं सुनावलं, गादी मोठी की आई? मग काय, निघाले बिचारे काकूंना घेऊन, तोंड एवढंसं करून.

दुकानात शिरल्या शिरल्या काकांनी मूठ रोवली. काढली, तर मूठ गादीवर तश्शीच उमटलेली. या मालात जीवच नाही, असं म्हणून त्यांनी एकामागून एक चार गाद्या नापास केल्या. विक्रेती परोपरीनं सांगत होती की सावकाश भरून येणं हाच हिचा गुण, अंगाचा भार पडेल तिथं ती नमते. पण काका ऐकतील तर शपथ! त्यांनी साध्या फोमची, टणाटण उसळणारी एक गादी पसंत केली आणि पाकिटाला हात घातला.

वळून बघतात तर काकू एका नापास गादीवर आडव्या. चपला खाली नीट जोडीनं काढलेल्या, पिशवी पोटाशी, डोळे मिटलेले.

"दुखत नाहीये हो," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या.

"आपल्या गादीवर दुखायचं?"

"कितीतरी वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही स्वतःच्या हातानं भरलेली. काय सांगणार?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावभरच्या गिऱ्हाइकांना झोप कशी लागली ते विचारत फिरले, घरात मात्र एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी काकूंच्या अंगाखालच्या गादीच्या खोळीची चेन कोपऱ्यात उघडली, मग शेजारच्या महागड्या गादीची. वरचा मऊ थर दोन्हींत तेवढाच, तीन बोटं. जास्तीचे पैसे नुसते झुळझुळीत खोळीचे. आणि खोळ शिवणं तर घरचंच काम! स्वस्तातली ठरली.

विक्रेती म्हणाली, हीच बांधून देते, काकूंना तेवढं उठवा. काकांनी पाहिलं. काकूंचं तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास संथ लागला होता.

"अशीच दुसरी बांध, पोरी," ते हळूच म्हणाले आणि चपलांशेजारी स्टूल ओढून बसले. "हिला झोपू दे."