इब्रामपूरची लिंपलेली ढोली

मावशीने बोलावलं नसतं तर तो रविवार आम्ही मांद्र्याच्या किनाऱ्यावर घालवला असता. सुलभामावशी माझ्या नवऱ्याची, विनायकची, मावशी. तिच्या इब्रामपूरच्या काजूबागेत घोटिंगाच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्यांच्या जोडीने घर केलंय. मादी ढोलीत शिरते, चिखल-विष्ठेने दार लिंपते आणि चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात. तिचं आणि पिल्लांचं खाणं नरच आणतो. आणि नर कालपासून दिसलाच नव्हता.

डिचोलीहून दोडामार्गावरून गेलो. रस्ता वळणावळणाचा, पण चांगला. बस क्वचितच, म्हणून आपली गाडी बरी. वाटेत स्वस्तात उंडो, म्हणजे गोव्याचा गोल पाव, आणि पातळभाजी मिळाली. एरवी मी दुसरी प्लेट मागवते, त्या दिवशी पहिलीच संपेना. विनायक प्रत्येक विजेच्या तारेपाशी गाडी हळू करून, नर शॉक लागून पडलाय का, म्हणून खाली बघत होता.

मावशी कोयता आणि शिडी घेऊनच उभी होती. फटीतून चोचीचं टोक आत-बाहेर होत होतं.

"काल दुपारपासना तो येवक ना," ती म्हणाली. "वायच भोक मोठा करून केळा घालूया काय? उपाशी मरात ती."

मलाही ते पटलं. मी शिडी धरली. विनायक आडवा आला.

"घाबरून ती बाहेर पडली, तर उडणार कशी, मावशी? लांब जाऊन बसूया. दुपारपर्यंत बघू."

मावशी रागावली, पण आली. झाडापासून पन्नासेक पावलांवर काजूंच्या आडोशाला बसलो. तुम्ही गेलात तर एवढंच अंतर ठेवा. भडक कपडे नकोत. मार्चचं ऊन चढलं. चोच दिसेनाशी झाली. मावशी कोयता घेऊन उठायची, विनायक तिचा हात धरायचा. त्याचाही चेहरा उतरला होता. आत काही बरंवाईट झालं, तर दोष त्याच्याच माथी येणार होता.

मग सुपाने पाखडावं तसा पंखांचा आवाज आला. नर! शेपटीची अर्धी पिसं गेलेली, एक पाय टेकत नव्हता. खोडावरून घसरला, पुन्हा बिलगला. मान झटकून गळ्यातून वडाचं फळ काढलं आणि फटीशी धरलं. आतून काहीच हालचाल नाही. मावशीने माझं मनगट आवळलं. बऱ्याच वेळाने चोच आली आणि फळ आत गेलं. मग दुसरं. मावशी पदराने डोळे पुसत राहिली.

परतताना मी सुटकेने बडबडत होते. घरी पोचल्यावर विनायक म्हणाला, त्या पायाने तो किती दिवस पुरा पडणार?

आता मावशी रोज संध्याकाळी फोन करते. तिचं नाव दिसलं की विनायक आधी माझ्याकडे बघतो, मग उचलतो.