सोहोनीकाका आणि धुराचे दिवस

नलिनीकाकूंचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलेले कपडे आत घेत होते. "वैशाली, हे गेले गं... गुरुवारी पहाटे. फार त्रास नाही झाला." फोन ठेवला, उरलेले कपडे आत घेतले आणि दार उघडून समोरच्या दाराकडे बघत उभी राहिले. तिथे आता एक मलय कुटुंब राहतं, दाराबाहेर मुलांच्या चपला पडलेल्या असतात. पूर्वी त्या दारामागे सोहोनीकाका एकटे राहायचे. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं झालं त्याला जवळजवळ दोन वर्षं होत आली होती, आणि ते बोलणं भांडणाचं होतं.

लग्न होऊन मी सांगलीजवळच्या आमच्या गावातून थेट इथे, परक्या देशातल्या या बेटावर आले, त्याला आता चार वर्षं झाली. मिलिंद सकाळी सातला निघायचा, एमआरटी ट्रेनने अख्खं बेट ओलांडून बुओना व्हिस्टाच्या बाजूच्या ऑफिसात जायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. मधला सगळा दिवस माझा एकटीचा. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. एका दुपारी लिफ्टमध्ये माझी भाजीची पिशवी फाटली, मी स्वतःशीच चरफडले आणि मागून आवाज आला, "अहो, तो बटाटा धरा, फटीत जाईल!" मिलिंदशिवाय दुसऱ्या माणसाच्या तोंडून कितीतरी आठवड्यांनी मी मराठी ऐकलं होतं. बटाटा राहिला बाजूला, मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

काका बोटीवरचे चीफ इंजिनियर. पंचवीसेक वर्षं इंजिनरूममध्ये काढली, मग छातीने दगा दिल्यावर कंपनीच्या डॉक्टरांनी बोटीवर जायला मनाई केली आणि ते इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले. काकू पुण्यात शाळेत शिकवायच्या, मुलगी कॉलेजात होती. "मग पुण्यालाच का नाही गेलात?" असं मी एकदा भाबडेपणाने विचारलं. ते हसले. "जातो की, वर्षातून एकदा. गेलो की माझ्यासाठी कपाटातले चांगले कप काढतात. चार दिवस मजा वाटते... मग लक्षात येतं, रोजच्या कपांमध्ये आपला कपच नाही." त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही. संध्याकाळी ते यार्डातून आले की कॉरिडॉरमध्ये कठड्याला टेकून उभे राहायचे, लांब समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटी मला दाखवायचे. ही तेलाची, ही धान्याची, ही रिकामी आहे, बघ किती वर आलीय. ऐकताना मला वाटायचं, हा माणूस त्या बोटींवरही नाही आणि जमिनीवरही नाही.

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात धूर आला. पलीकडे सुमात्रात जंगलं जळत होती आणि वारा तो सगळा धूर आमच्यावर आणून सोडत होता. इथे सगळे त्याला 'हेझ' म्हणायचे. आमच्याकडे ऊस तुटल्यावर फडात पाचट पेटवतात, तसा वास. पण पाचट दोन दिवसांत विझतं, हे विझेचना. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं, तांबूस, थकलेला. आधी बोटी दिसेनाशा झाल्या, मग समुद्र, मग समोरची बिल्डिंग. टीव्हीवर रोज हवेचा आकडा सांगायचे. शेजारची चिनी आँटी येताजाता माझ्या दारावर थाप मारून, शेवटी इथलं नेहमीचं 'लाह' जोडून सांगायची, "विंडो क्लोज लाह!" खिडक्या बंद करून मी दिवसच्या दिवस घरात बसून असायचे आणि समोरून खोकला ऐकू यायचा. पहिल्यांदा फक्त सकाळी, मग दिवसभर. काका यार्डात जायचे थांबले होते.

रविवारी सकाळी ते पुण्याला फोन करायचे. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा फोन चालू होता. "हवा? हवा छान आहे इथे. तुमच्याकडे पाऊस काय म्हणतो?" एवढं बोलून त्यांनी रिसीव्हरवर तळवा घट्ट दाबला, वाकून खोकून घेतलं, मग पुन्हा तसाच हसरा आवाज काढून म्हणाले, "नाही गं, लाइन खराब आहे." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काका, काकूंना सांगा ना." त्यांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहून माझ्याकडे दिला. "मेलो तर कर. त्याआधी नाही. शपथ आहे तुला." मी हो म्हटलं.

चार दिवसांनी दार वाजवलं तर आतून काहीच आवाज आला नाही. ढकललं तर उघडंच होतं. काका जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसले होते, ओठ निळसर, एकेक श्वास खेचून घेत होते. आँटीला हाक मारली, तिने अँब्युलन्सला फोन केला. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावल्यावर जरा रंग आला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि फक्त मान हलवली. नाही, फोन करायचा नाही. मी घरी आले. चिठ्ठी समोर ठेवून बराच वेळ बसून राहिले. मिलिंदला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, दुसऱ्याच्या घरात आपण पडू नये. म्हणून त्याला विचारलंच नाही. मी नंबर फिरवला.

काकू आठवड्याने आल्या. पासपोर्ट त्यांनी केव्हाचा काढून ठेवला होता, वापरायची वेळच आली नव्हती. काकांना त्याच दिवशी घरी सोडलं होतं. मी काकूंना त्या फ्लॅटच्या दारात नेऊन सोडलं. आत एक ताट, एक वाटी, एक खुर्ची. त्या एका खुर्चीवर काका बसलेले. काकू बॅग हातात धरून उभ्याच राहिल्या, कारण बसायला दुसरं काही नव्हतं. मी धावत जाऊन आमच्या घरातली खुर्ची आणली. परत येते तर काका माझ्याकडेच बघत होते.

"तुझ्यावर विश्वास ठेवून नंबर दिला होता."

"काका, तुम्ही निळे पडला होतात."

"माझं मी बघितलं असतं. तिने हे... तिने हे घर बघायला नको होतं." खोलीभर एकदा हात फिरवून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

पुढच्याच आठवड्यात काकू त्यांना पुण्याला घेऊन गेल्या. टॅक्सीपर्यंत मी गेले. काकूंनी मला जवळ घेतलं. काका आत बसून समोर बघत राहिले. धुरात टॅक्सी लगेचच दिसेनाशी झाली. नंतर पाऊस आला, आकाश धुऊन निघालं, बोटी पुन्हा दिसायला लागल्या. त्या कुठल्या, हे सांगणारं कुणी नव्हतं. मी पुण्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दर वेळी पोस्टाची पेटी उघडताना वाटायचं, आपण त्या माणसाला वाचवलं की उघडं पाडलं?

फोन आल्यानंतर तीन आठवड्यांनी माहेरी जाताना मी पुण्यात उतरले. काकू एकट्याच होत्या. मुलगी लग्न होऊन नागपूरला असते. मी पत्राचं विचारणार नव्हते, त्यांनीच काढलं. "कितीदा वाचलं त्यांनी तुझं पत्र. लिहा ना, म्हटलं, पोरगी वाट बघत असेल. तर म्हणाले, काय लिहू? तिचं बरोबर होतं असं लिहिलं, तर मग माझं इतकी वर्षं काय चाललं होतं?" मग त्या म्हणाल्या, "इथे बरे होते गं. पहिले सहा महिने घरात कुठे बसायचं हे त्यांना कळत नव्हतं. मग बसायला लागले."

मला रडू आवरेना. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या, मी मागोमाग गेले. फ्रिजच्या वर एक लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर ठेवलेला होता. त्यांनी तो घेतला, त्याचं टोक फ्रिजच्या मागे मोटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"रोज सकाळी उठले की हे असं ऐकायचे. आवाजावरून मशीनची तब्येत कळते म्हणायचे. आता मी करते."

"काय ऐकू येतं, काकू?"

"मला काय कळतंय त्यातलं... चालू आहे, एवढंच कळतं."

आणि बाजूला सरकून त्यांनी तो माझ्या हातात दिला.