दिल्लीला कळवलेले नारळ

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, तालुका बोर्डाचे अध्यक्ष होते. त्या अध्यक्षपदाचा त्यांना ठाऊक असलेला उपयोग एकच, दिल्लीच्या रेल्वे खात्याला पत्रं लिहिणं. आमच्या किनाऱ्यावर रेल्वे आणायचीच, असा त्यांनी ध्यास घेतला होता. लोक हसायचे. बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "काय अध्यक्ष, गाडी कुठवर आली?" मामंजी शांतपणे सांगायचे, "निघालीय."

पत्र इंग्रजीत असायचं, पण टपालात पडण्याआधी ते मला मराठीत वाचून दाखवायचे. अगं बाई, काय ती पत्रं! आधी दोन पानं रेल्वे, आणि शेवटी, आपण मे महिन्यात आलात तर आंबे तयार असतील, उतरायची सोय आमच्याच घरी.

"मामंजी, तो साहेब काय तुमचा व्याही आहे?" मी म्हणायचे.

"माणूसच आहे ना? आंबा आवडत असेल त्याला."

साहेबाचं उत्तर दोन ओळींचं. पत्र पोचलं, विचार चालू आहे. तेवढ्यावर मामंजी आठवडाभर खुशीत असायचे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला ठाऊक होतं. चारचौघांत ते व्यापाराचं सांगायचे, आजारी माणसांचं सांगायचे. खरं कारण होतं त्यांची लेक. वन्संना पुण्याला दिलेलं. आमची वाट आगबोटीची, आणि पावसाळा लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद. लग्नाला पाच वर्षं झाली तरी वन्सं एकदाही नागपंचमीला माहेरी आल्या नव्हत्या. त्या दिवशी मामंजी भरल्या पानावरून उठायचे. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटायची.

एका वर्षी मात्र दिल्लीहून चांगलं लांबलचक पत्र आलं. तुमच्या गावांतून वर्षाला नारळ किती जातात, सुपारी किती जाते, सगळं लिहून पाठवा, मग ठरवू. मामंजी नाचायचेच काय ते बाकी राहिले होते. त्यांनी बोर्डाच्या शिपायाला गावोगाव पिटाळलं. आमच्या वाडीतले नारळ पाडले की मी मोजून घेत असे, म्हणून घरचा आकडा मला विचारला.

आता आमच्याकडची रीत सांगते. पिकाचा खरा आकडा कुणी कुणाला सांगायचा नाही. दृष्ट लागते, आणि सरकारच्या कानावर गेलं तर सारा वाढतो. शेजारणीनं सहज विचारलं तरी "कसलं काय, सगळे उंदरांनी खाल्ले" असंच म्हणायचं. मीही सवयीनं निम्मेच सांगून मोकळी झाले. जीभ चावली, पण तोवर बोलून झालं होतं, आणि सासऱ्यांपुढे शब्द मागे घ्यायची लाज वाटली. मूर्खपणा, दुसरं काय!

चार महिन्यांनी उत्तर आलं. आपण कळवलेला माल बैलगाड्यांतूनही सहज जाऊ शकेल, सबब रेल्वेचा विचार करता येत नाही.

मामंजी ते पत्र मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिले. चहा निवून गेला. मला काही राहवेना. जाऊन म्हटलं, "मामंजी, माझं चुकलं. आपल्या वाडीचे नारळ मी निम्मेच सांगितले होते."

त्यांनी पत्र बाजूला ठेवलं. "तू निम्मे सांगितलेस?"

"हो."

"अगं, मी त्याचेही निम्मे करून लिहिले!"

मला हसू फुटलं. त्यांनाही आवरेना. "म्हणजे सगळ्या तालुक्यानं हेच केलं असणार गं," म्हणाले, आणि पोट धरून हसत सुटले. हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलंच नाही. उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "इतकी वर्षं लिहितोय. आणि सरकारी कागद पुढे आला तर खरं लिहायला हात धजला नाही. माझ्या पोरीची वाट मीच अडवली."

त्या काळी सून सासऱ्यांच्या हाताला हात लावत नसे. मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.